मुंबईचा उकाडा मुंबईच कशी घडवते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की हे प्रश्न सोसायटीच्या सभेत, लोकलच्या दारात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र घेतले आहेत. काहींना दोन ओळींचं उत्तर पुरतं, काहींना नाही.

शहर स्वतःचं हवामान बनवतं म्हणजे नेमकं काय करतं?

ऊन, वारा आणि पाऊस बाहेरूनच येतात. पण आलेल्या उन्हाचं काय करायचं, वाऱ्याला कुठून जाऊ द्यायचं आणि पावसाचं पाणी मातीत मुरवायचं की गटारात सोडायचं, हे शहराचं बांधकाम ठरवतं. मोकळ्या हिरव्या रानात उन्हाचा मोठा वाटा जमिनीतली ओल उडवण्यात आणि पानांतून पाणी बाहेर टाकण्यात खर्ची पडतो, त्यामुळे हवा तितकी तापत नाही. दादर स्टेशनबाहेर उडवायला ओल आहे कुठे? तिथे तेच ऊन डांबर, स्लॅब, पत्रे आणि भिंती तापवतं. वर गाड्यांची इंजिनं, हॉटेलांच्या भट्ट्या आणि एसी आपापली भर घालतात. याला उष्णतेचं बेट म्हणतात.

याची पहिली नीट नोंद लंडनच्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. पेशाने तो औषधं बनवणारा. ढगांना आजही वापरात असलेली लॅटिन नावं त्यानेच दिली. त्याच्या आकड्यांत शहरातली रात्र आसपासच्या गावांपेक्षा सुमारे २ अंश सेल्सिअसने गरम निघाली, दिवस मात्र किंचित थंड. हा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. मुंबईच्या बाबतीत खरी मेख तिथेच आहे: शहराने स्वतः तयार केलेला उकाडा दुपारच्या कमाल तापमानात कमी आणि रात्री जास्त सापडतो.

मुंबईला तर तिन्ही बाजूंनी पाणी. मग समुद्राचा गारवा जातो कुठे?

समुद्र आहे म्हणूनच मुंबईचं नागपूर होत नाही. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. उन्हाळ्यात ते साधारण दुपारच्या आसपास लागतात आणि पारा चढायचा थांबतो. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात.

पण मे महिन्यात मुंबईजवळचं समुद्राचं पाणीच २९-३० अंशांच्या आसपास असतं. त्यावरून येणारा वारा त्याहून फारसा थंड कसा असणार? शिवाय तो सोबत भरपूर बाष्प आणतो. दुसरं म्हणजे वाऱ्याला वाट लागते. गिरगाव चौपाटीवर अंगाला लागणारा वारा भुलेश्वरच्या गल्लीत तसाच पोचत नाही; प्रत्येक इमारतीशी घासून त्याचा वेग उतरतो.

आणि हेही लक्षात घ्या की हे शहर समुद्र मागे ढकलतच वाढलंय. १७८४च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीची खिंड बुजवली, पुढे सात बेटं जोडली गेली आणि आपल्याच काळात मिठीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. भरावाच्या प्रत्येक टप्प्यावर ओली जमीन गेली आणि कोरडी, तापणारी जमीन आली. मुलुंड, भांडुप, कांजूर, वडाळ्याची मिठागरं ‘पडीक जमीन’ म्हणून मोजली जातात, पण खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी ती उघडी दारं आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी पारा अचानक ३९-४० वर जातो. तोही शहरामुळेच ना?

नाही. तो दोष काँक्रीटच्या माथी मारू नये. अशा दिवशी पूर्वेकडून, म्हणजे दख्खनच्या तापलेल्या पठारावरून, कोरडे वारे येतात आणि खाऱ्या वाऱ्यांना दुपारी उशिरापर्यंत आत येऊ देत नाहीत. सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक ४२.२ अंश आहे, तो १४ एप्रिल १९५२चा. मार्चमधला ४१.७ अंशांचा उच्चांक २८ मार्च १९५६चा. तेव्हा ना काचेचे टॉवर होते, ना घरोघरी एसी.

उलट, अशा दिवशी खारे वारे एकदा लागले की तासाभरात पारा झपकन उतरलेला दिसतो. वरळीला आधी, घाटकोपरला नंतर.

बातम्यांत कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे येतात. मुलुंडकराने कोणता धरायचा?

खरं तर कोणताच नाही. कुलाबा दक्षिण टोकाला, समुद्राला लागून. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाच्या परिसरात. दोन्हीकडे तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या नोंदींची तुलना करायची तर हेच बरोबर. फक्त त्या पेटीत कुणी राहत नाही.

मुलुंडला पश्चिमेचा वारा पोचतो तो आधी उपनगरांच्या वस्तीवरून, मग राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवरून. म्हणून मुलुंड-ठाण्याची दुपार सहसा कुलाब्यापेक्षा तापट आणि जानेवारीची पहाट जास्त गार. आता हवामान खात्याची आणि महापालिकेची स्वयंचलित केंद्रंही शहरभर आहेत, त्यातलं तुमच्या जवळचं पाहा. पण ते केंद्र मैदानात आहे की एखाद्या इमारतीच्या स्लॅबवर, हेही पाहा. आकड्यात फरक पडतो.

जाता जाता: कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी चालायची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने उपकरणं बिघडतील म्हणून ते काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं. शहर आपल्याच मोजमापात लुडबुड करतं, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

फोनवर ३२ अंश दिसतात, पण जीव ४० असल्यासारखा कासावीस होतो. भास आहे का?

भास नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होतं, आणि दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता एकत्र आली तर शरीराला ते सुमारे ४१ अंशांसारखं जाणवतं. मुंबईच्या मे महिन्यात ही जोडी नेहमीची.

शास्त्रज्ञ यासाठी ओल्या फडक्याच्या तापमापकाचं तापमान पाहतात. ते ३५ अंशांवर गेलं तर धडधाकट माणूस सावलीत नुसता बसूनही तग धरू शकत नाही, अशी कागदावरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष माणसांवरच्या प्रयोगांत ही मर्यादा त्याच्या बरीच खाली निघाली. वारा वाहत असेल तर घाम थोडा तरी वाळतो. म्हणून मुंबईत पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या यांचं मोल एक-दोन अंशांपेक्षा जास्त आहे.

मग मुंबईत उष्णतेची लाट जाहीर कशी होते?

किनारपट्टीसाठी हवामान खात्याचा निकष वेगळा आहे: कमाल तापमान ३७ किंवा जास्त, आणि ते नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वर. मैदानी भागात हाच आकडा ४० आहे. दमटपणा या निकषात थेट येत नाही, त्यासाठी ‘उष्ण आणि दमट’ असा वेगळा इशारा कोकणपट्टीला दिला जातो. लोक ‘लाट नाही ना, मग ठीक आहे’ म्हणून तो सोडून देतात. त्यांनी तसं करू नये.

दिवस कसाही जातो हो, पण रात्री झोप लागत नाही. रात्र गार का होत नाही?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

दिवसभर साठलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते, तेव्हा जमीन निवते. त्यासाठी जमिनीला आकाश दिसायला हवं. मैदानाला ते पूर्ण दिसतं. दोन सात मजली इमारतींमधल्या अरुंद गल्लीला वर आकाशाची एक पट्टी दिसते, बाकी सगळीकडे समोरची तापलेली भिंत. एका भिंतीने सोडलेली उष्णता दुसरी भिंत घेते, दुसरीने सोडलेली पहिली. असा देवाणघेवाणीचा खेळ मध्यरात्र उलटली तरी चालू राहतो.

त्यात स्लॅबची करामत. गच्चीवर दुपारी दोनला पडलेलं ऊन स्लॅब ओलांडून खालच्या छतापर्यंत यायला काही तास घेतं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या घराचं छत जास्तीत जास्त गरम होतं ते सूर्य मावळतीला लागल्यावर, माणसं कामावरून परतण्याच्या वेळी. तवा गॅसवरून उतरवला तरी हात लावता येत नाही, त्यातलाच प्रकार. पश्चिमेकडच्या भिंतीचंही तेच.

मुंबईच्या हवेतलं बाष्पही आडवं येतं. कोरड्या प्रदेशात उष्णता आकाशात सरळ निसटते. दमट हवा तिचा बराच भाग परत खाली पाठवते. आणि रात्रीचे मतलई वारे खाऱ्या वाऱ्यांच्या मानाने अशक्त असतात, गल्लीबोळात त्यांचा शिरकाव होत नाही. मे महिन्यात सांताक्रूझची सरासरी पहाट २६-२७ अंशांवर थांबते. हे उघड्या जागेतलं तापमान. दहा बाय दहाच्या खोलीत, पोटमाळ्यावर, छताच्या हातभर खाली झोपणाऱ्याचं तापमान कुठल्याच नोंदीत नसतं. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्लाही तिथे चालत नाही. खिडकी उघडली की डास, उंदीर आणि चोराची भीती. तळमजल्यावर बायका-मुली दार उघडं टाकून झोपू शकत नाहीत.

इथे सरकारी निकषांची एक गंमत सांगितली पाहिजे. ‘उष्ण रात्र’ जाहीर करण्यासाठी किमान तापमान नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वर असावं लागतंच, पण त्याआधी दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा जास्त असावं लागतं. मुंबईत पारा ४० गाठतो तो क्वचित. म्हणजे ज्या शहराचा मुख्य त्रास रात्रीचा, तिथे उष्ण रात्र कागदावर जवळजवळ येतच नाही. माझ्या मते किनाऱ्यावरच्या शहरांसाठी रात्रीचा स्वतंत्र निकष हवा. दिवसभर तापलेलं शरीर सावरायला रात्रीचे तासच असतात. ते गेले की दुसऱ्या दिवसाचं साधं ऊनही बाधतं, विशेषतः म्हाताऱ्यांना, तान्ह्यांना आणि अंगमेहनत करणाऱ्यांना.

उपग्रहाच्या नकाशात आमची वस्ती लालभडक दिसते. म्हणजे आम्ही इतरांपेक्षा दहा अंश जास्त सोसतो का?

सोसता नक्कीच जास्त, पण दहा अंश नाही. उपग्रह हवेचं तापमान मोजत नाही. वरून जे दिसतं त्याच्या पृष्ठभागाचं मोजतो, आणि दाट वस्तीत वरून दिसतात ती छपरं. पत्र्याचं छप्पर आणि त्याखालच्या गल्लीतली हवा यांत प्रचंड फरक असतो. शिवाय असे बहुतेक नकाशे ज्या लँडसॅट उपग्रहावरून बनतात, तो आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या आसपास जातो. दुपारचा कळस आणि रात्रीची घुसमट, दोन्ही त्याच्या नजरेतून सुटतात.

आणखी एक गोची. पावसाळ्याआधी शहराबाहेरची भातखाचरं आणि माळरानं उघडी, कोरडी पडलेली असतात. अशा वेळी नकाशात कर्जत-मुरबाडकडची जमीन मुंबईपेक्षा लाल दिसू शकते, त्यावरून शहर थंड आहे असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. रात्रीचा नकाशा मागा, चित्र उलटेल. तरीही हे नकाशे निरुपयोगी नाहीत: एकाच शहरात कुठे छपरं तापतात आणि कुठे झाडं उरली आहेत, हे ते चोख दाखवतात.

पत्र्याच्या घरासाठी खर्च न वाढवता काय करता येईल?

पत्रा आणि स्लॅब यांचा स्वभाव वेगळा. पत्रा उन्हात मिनिटांत तापतो, पण ऊन गेलं की निवतोही लवकर. स्लॅब दोन्ही सावकाश करतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपार काढणं कठीण. तिथे घरी राहून पापड लाटणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना सगळ्यांत जास्त त्रास होतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पत्र्यावर पांढरा, ऊन परतवणारा रंग. दुसरा, छपराच्या वरच्या टोकाला गरम हवा बाहेर जाईल अशी फट किंवा फिरता पंखा. पत्र्याखाली थोडी हवा सोडून आतून दुसरं छत लावलं तरी फरक पडतो. पण त्यासाठी उघडा थर्माकोल वापरू नका, आग लागली तर ती वस्तीभर जाते. पावसाळ्यात टाकलेली निळी ताडपत्री मे महिन्यातही तशीच असेल तर ती काढा किंवा तिच्यावर हलक्या रंगाचं कापड टाका.

अहमदाबाद महापालिकेने २०१३मध्ये उष्णतेचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना चुना लावायचं काम हाती घेतलं. मुंबईत ते जसंच्या तसं उचलता येणार नाही, कारण इथे चार महिने पाऊस झोडपतो. त्याविषयी गच्चीच्या प्रश्नात.

सगळ्यांनी एसी लावले तर बाहेरची हवा खरंच तापते का?

हो. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५ किलोवॉट उष्णता उचलतो, त्यासाठी दीडएक किलोवॉट वीज घेतो आणि दोन्हींची बेरीज, म्हणजे साडेसहा-पावणेसात किलोवॉट, बाहेर फेकतो. इमारतीच्या चिंचोळ्या डक्टमध्ये एकावर एक वीस यंत्रं असतील तर वरच्या मजल्यांची यंत्रं खालच्यांची गरम हवाच ओढतात आणि जास्त वीज खातात. बाहेर तापते ती ज्यांच्याकडे एसी नाही त्यांची रात्र. एसी लावू नका असं मी म्हणणार नाही. २६-२७ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा.

किनाऱ्यावरचे टॉवर आमचा वारा अडवतात, हे खरं का?

बरंचसं खरं. एकटा उंच टॉवर वारा अडवतो तसा वरचा वारा खालीही आणतो. त्याच्या कोपऱ्यावर छत्री उलटी होते ती त्यामुळेच. अडचण होते ती टॉवरांची सलग रांग उभी राहते तेव्हा, आणि खाली सहा-सात मजल्यांचा गाड्यांचा पोडियम प्लॉटभर पसरतो तेव्हा. मग मागच्या जुन्या इमारती वाऱ्याच्या आडोशाला जातात. हाँगकाँगने २००३च्या सार्सच्या साथीनंतर हा प्रश्न गांभीर्याने घेतला आणि मोठ्या प्रकल्पांसाठी हवा खेळती राहील का याची तपासणी आणली. मुंबईत पुनर्विकासाच्या सभेत चटईक्षेत्र, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि पार्किंग यांवर तासन्‌तास वाद होतात. वारा कुठून येईल असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

टॉवरची सावली मात्र फायद्याची असते, हेही कबूल केलं पाहिजे. दुपारी सावलीतला रस्ता उन्हातल्या रस्त्यापेक्षा खूप सुसह्य असतो. पण सर्वांत वाईट नमुना टॉवरांचा नसून पुनर्वसन वसाहतींचा आहे. गोवंडी-मानखुर्दच्या काही वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. दमट, कोंदट हवा आणि त्यातून क्षयरोग.

आजीची गिरगावातली चाळ पंख्यावर भागवायची. आमचा नवा फ्लॅट का तापतो?

जाड भिंती, उंच छत, भिंतीला ऊन लागू न देणारी गॅलरी आणि खोलीला पुढे-मागे उघडं असलेलं तोंड. नव्या फ्लॅटमध्ये भिंत पातळ, छत खाली, बाल्कनी आत घेतलेली आणि पश्चिमेला काचेची मोठी सरकती खिडकी. काचेतून ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चिकाचा पडदा किंवा बांबूची चटई सोडली तर फरक दुप्पट जाणवतो, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. सोसायटी ‘एलिव्हेशन’, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बिघडतं म्हणेल. भांडा.

चाळीची फार भलामणही नको. वरच्या मजल्यावर मंगलोरी कौलांखाली राहिलेल्यांना विचारा.

आरे आणि राष्ट्रीय उद्यान संपूर्ण मुंबई थंड ठेवतात का?

संपूर्ण नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, तुळशी आणि विहार तलाव त्याच्याच पोटात. जंगलाचा गारवा कडेपासून काही शे मीटरपर्यंत चांगला जाणवतो, मग विरतो. बोरिवली पूर्वेला, मुलुंड कॉलनीत किंवा आरेच्या रस्त्यावर बाइकवरून जाताना तो अंगाला कळतो. कुर्ला-साकीनाक्याला त्याचा थेट उपयोग नाही. म्हणूनच ‘एवढं मोठं जंगल आहे, मग चार झाडं तोडली तर काय’ हा युक्तिवाद फसवा आहे. गारवा लांबून पाठवता येत नाही, तो वस्तीतच असावा लागतो. दाट वस्तीतल्या पाच छोट्या बागा त्या वस्तीला दूरच्या एका मोठ्या उद्यानापेक्षा जास्त कामी येतात.

सोसायटीत कोणती झाडं लावावीत?

दमट हवेत पानांतून निघणाऱ्या बाष्पाने हवा फार थंड होत नाही. मुंबईत झाडाचं मुख्य काम सावली. म्हणून पसारा असलेलं झाड हवं: करंज, कडुनिंब, ताम्हण, बकुळ, जागा ऐसपैस असेल तर वड-पिंपळ. शोभेचे पाम सावलीच्या हिशेबात शून्य. पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल असं लावा, वाऱ्याच्या तोंडावर दाट भिंत करू नका. आणि जे आहे ते आधी जपा. बुंध्यापर्यंत ओतलेलं सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी करा. त्या गळफासामुळेच अनेक झाडं पावसाळ्यात मुळासकट आडवी होतात. मियावाकी पद्धतीची, म्हणजे झाडं अगदी दाटीने लावलेली, छोटी जंगलं महापालिकेने जागोजागी केली आहेत, ती पक्ष्या-किड्यांसाठी छान. पण बसस्टॉपवर उभ्या माणसाला त्यांची सावली मिळत नाही.

गच्चीला पांढरा रंग द्यावा की वर पत्र्याची शेड टाकावी?

दोन्ही चालतात. ताजा चुना पडणाऱ्या उन्हापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, काळपट गच्ची फारच थोडं. मुंबईची अडचण शेवाळ. एका पावसाळ्यात पांढरी गच्ची काळी-हिरवी होते. म्हणून चुना द्यायचा तर तो फेब्रुवारीत, दरवर्षी; पैसे असतील तर पाणी न झिरपणारा पांढरा लेप, म्हणजे गळतीचंही काम होतं. शेडचं म्हणाल तर बाजू उघड्या असतील तर ती स्लॅबला सावली देते आणि मधून वारा जातो, वरच्या मजल्याला चांगला आराम पडतो. बाजू बंद केल्या की गेलं. परवानगीचं पत्र आधी घ्या.

रस्ते सिमेंटचे झाल्यामुळे गरमी वाढली का?

सरसकट तसं नाही. नवं डांबर उन्हाचा फक्त ५ ते १० टक्के भाग परतवतं. नवं काँक्रीट त्याच्या काही पट. नुकसान होतं ते दुसरीकडे: कडेची माती बुजते, मुळं कापली जातात, पाणी मुरत नाही. रस्ता करताना गेलेल्या झाडाची सावली रस्त्याच्या रंगापेक्षा कितीतरी मोलाची होती.

शहरामुळे पाऊसही वाढतो का? २६ जुलै शहरानेच आणला का?

शहराची वर उठणारी गरम हवा, इमारतींशी अडखळणारा वारा आणि हवेतले धूलिकण यांमुळे पावसाची जागा आणि जोर बदलू शकतो. अमेरिकेत सेंट लुईस शहराभोवती १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात वाऱ्याच्या पुढच्या दिशेला पाऊस वाढलेला आढळला होता. पण मुंबईचा मोसमी पाऊस ही समुद्र आणि सह्याद्री यांची गोष्ट. त्यात शहराचा वाटा लहान.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, विहार तलावावर हजाराच्या वर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. एवढा पाऊस शहराने केला नाही. पण त्याचा पूर शहराने केला. जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा हिशेबाने बांधलेल्या, मिठीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलेलं, आणि पाणी मुरायला माती नाही. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीच्या २००६च्या अहवालानंतर वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरकडे नेण्याचं काम सुरू झालं. आता ४.५ मीटरच्या वरची भरती आणि तासाभराचा जोरदार पाऊस एकत्र आले की हिंदमाता आणि मिलन सबवे या पाणी तुंबणाऱ्या सखल जागांकडे सगळ्यांचे डोळे लागतात.

हिवाळ्यात समुद्र असूनही हवा धुरकट का?

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर तिच्यापेक्षा उबदार थर झाकणासारखा बसतो. बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, कचऱ्याच्या शेकोट्या सगळं त्याखाली अडकतं. खारे वारे उशिरा आणि सौम्य लागले तर दुपारीही सुटका नाही, आणि मतलई वाऱ्यांनी रात्री समुद्रावर नेलेली धूळ दुसऱ्या दिवशी परत येऊ शकते. समुद्र हवा धुतो हे खरं, पण वारा असेल तरच.

हे सगळं जागतिक तापमानवाढीचंच ना? मग मुंबईने एकटीने काय करायचं?

दोन गोष्टी एकावर एक बसल्या आहेत. अरबी समुद्र तापतोय, तो मुंबईच्या हातात नाही. वर बांधकामाने घातलेली भर आपल्या हातात आहे. महापालिकेने मार्च २०२२मध्ये मुंबई हवामान कृती आराखडा आणला, २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलं. आराखड्यात उष्णता आहे, हिरवळ आहे, पूर आहे. पण बांधकामाची परवानगी देणाऱ्या टेबलावर तो उघडलेला दिसेपर्यंत मी टाळ्या राखून ठेवल्या आहेत.

आमच्या घराचा उकाडा आम्हीच मोजायचा तर?

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या, काही शे रुपयांत मिळतं. ते टीव्ही, फ्रिज आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, झोपता त्या उंचीवर ठेवा. एप्रिल-मे मध्ये रोज रात्री अकराला आणि पहाटे पाचला आकडा वहीत लिहा, शेजारी सांताक्रूझचं त्या रात्रीचं किमान तापमान लिहा. वरच्या मजल्यावरच्या आणि मधल्या मजल्यावरच्या एकेका शेजाऱ्यालाही हेच करायला सांगा. पहाटे पाचला घर बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी गरम राहत असेल तर छत किंवा पश्चिमेची भिंत उष्णता सोडतेय. मधल्या मजल्याचा आकडा कमी असेल तर दोषी छत. ही वही घेऊन सर्वसाधारण सभेत बसा. गच्चीच्या लेपाचा ठराव ‘खूप गरम होतं हो’ या वाक्यापेक्षा दोन महिन्यांच्या आकड्यांवर लवकर मंजूर होतो, आणि लेप दिल्यावर पुढच्या मे मध्ये पैसे वाया गेले की नाही तेही त्याच वहीत कळतं.